राखुंडीपासून ब्रशपर्यंत : महाराष्ट्रातील बालकांच्या दंतधावनाच्या सवयीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

सकाळी उठून दात घासणे ही क्रिया इतकी नित्याची आहे की, तिलाही इतिहास असू शकतो ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः मुलाला दात घासावयास कोणी शिकवावे, कशाने घासावेत, दिवसातून केव्हा घासावेत आणि मुळात कशासाठी घासावेत, या चारही प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत बदलत गेली आहेत. हा बदल केवळ राखुंडी जाऊन पेस्ट आली एवढ्यापुरता नाही. मुलाच्या तोंडावरचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांकडून शाळेकडे, शाळेकडून बाजाराकडे आणि फार उशिरा राज्यसंस्थेकडे कसा सरकत गेला, त्याची ही हकिकत आहे. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला असून, चांगली सवय लावणाऱ्या हातांनीच घातक सवयही कशी लावली, याचा विशेष विचार केला आहे.

शास्त्रग्रंथांतील दंतधावन

दंतधावनाचे सर्वांत तपशीलवार भारतीय विवेचन आयुर्वेदाच्या संहितांमध्ये सापडते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात दंतकाष्ठ बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ आणि गाठी नसलेले असावे असे सांगितले आहे. कडू वृक्षांत कडुनिंब आणि तुरट वृक्षांत खैर श्रेष्ठ मानला आहे. काडीचे टोक चावून त्याचा मऊ कुंचला करावा, एकेक दात स्वतंत्रपणे घासावा आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, हा त्यातील सल्ला आजच्या दंतवैद्यालाही मान्य होईल असा आहे. चरकसंहितेत तर दंतधावन दिवसातून दोन वेळा करावे असे स्पष्ट म्हटले आहे. या दुसऱ्या वेळेचे पुढे काय झाले, हा प्रश्न या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

धर्मशास्त्राची दृष्टी निराळी होती. म. म. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात आह्निकाच्या विवेचनात दंतधावनाचीही चर्चा केली आहे. धर्मशास्त्रात दंतधावन हे प्रातःकालीन शुद्धीचे अंग असून रात्रभर अशुद्ध झालेले मुख स्नानसंध्येपूर्वी शुद्ध करणे हा त्याचा हेतू होय. त्यामुळे ते करण्याची वेळ सकाळचीच ठरली. अमावास्या, श्राद्धदिन अशा काही दिवशी काष्ठाने दात घासणे निषिद्ध मानून त्याऐवजी बारा चुळा भरण्याचा पर्याय दिला गेला. याहून आश्चर्यकारक गोष्ट म्हणजे गौतमधर्मसूत्रात ब्रह्मचाऱ्याने वर्ज्य करावयाच्या गोष्टींच्या यादीत गंध, माळा, काजळ, छत्री यांच्या जोडीला दंतधावनाचाही समावेश आहे. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. परंतु तेथे दंतधावन आरोग्याच्या नव्हे, तर प्रसाधनाच्या कोटीत गणले गेले आहे हे लक्षात घेतले म्हणजे उलगडा होतो. विद्यार्थ्याने नटूथटू नये, एवढाच त्याचा आशय.

तात्पर्य, वैद्यकाने दोन वेळा सांगितले आणि आचाराने एक वेळ रुजवली. प्रत्यक्ष जीवनात जिंकला तो आचार. मराठी घरांत ‘तोंड धुतल्याशिवाय चहा नाही’ हा नियम जितका कडक होता, तितका कडक नियम रात्री झोपण्यापूर्वीच्या दातांविषयी कधीच नव्हता. झोपेत लाळेचा स्राव कमी होतो आणि दातांवर राहिलेल्या गोड अन्नकणांपासून जंतू आम्ल तयार करतात; म्हणून रात्रीचे दात घासणे अधिक महत्त्वाचे, हे आधुनिक दंतशास्त्राचे म्हणणे. शुद्धीच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या सवयीत या म्हणण्याला जागाच नव्हती. आजही पालकांना रात्रीच्या दात घासण्याचे महत्त्व पटवताना जी अडचण येते, तिचे मूळ अज्ञानापेक्षा या जुन्या कल्पनेत अधिक आहे.

घर : काडी, राखुंडी, पान आणि चूळ

प्रदेशपरत्वे साधने वेगळी होती. देशावर आणि विदर्भात बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, कोकणात व गोव्यात आंब्याचे पान, आणि जवळपास सर्वत्र राखुंडी. गोवऱ्यांची राख किंवा कोळशाची वस्त्रगाळ पूड, तीत मीठ, क्वचित तुरटी वा कापूर असे हे घरगुती दंतमंजन असे. लहान मुलाच्या हाताला काडी चावून तिचा कुंचला करणे जमत नाही; त्यामुळे मुलांच्या वाट्याला बहुधा राखुंडी आणि तर्जनी एवढेच साहित्य येई. आजी किंवा आई मुलाला परसदारी बसवून तळहातावर चिमूटभर राखुंडी देई आणि प्रथम स्वतःच्या बोटाने त्याचे दात चोळून दाखवी. भरड राखेने आडवे चोळल्याने हिरड्यांलगत दात झिजतात हा या पद्धतीचा दोष खरा. तथापि मूल स्वतः नीट दात घासू शकेल एवढे त्याच्या हाताचे कौशल्य सात-आठ वर्षांपर्यंत पुरते विकसित होत नाही आणि तोवर मोठ्या माणसाचा हात लागतोच, ही गोष्ट परसदारातल्या आजीला कोणी न सांगता ठाऊक होती.

याहूनही मोलाची सवय होती ती चूळ भरण्याची. जेवण झाले की हात धुवावयाचे आणि खळखळून चूळ भरावयाची, हा उष्ट्या-खरकट्याच्या कल्पनेतून आलेला नियम मुलांना ताटावरून उठतानाच शिकवला जाई. सोवळ्याओवळ्याच्या या कल्पनेतील जातीय आशय सोडून देता येत नाही. पण तिचा एक आनुषंगिक परिणाम असा की, प्रत्येक जेवणानंतर तोंड पाण्याने स्वच्छ होत असे. पुढे मुलांच्या खाण्यात जे बदल झाले ते जेवणात नव्हे, तर जेवणाबाहेर झाले. गोळी, चॉकलेट, बिस्किट हे ‘जेवण’ नव्हे. सबब त्यानंतर चूळ भरण्याचा प्रश्नच आला नाही. जुना नियम मोडला गेला असे म्हणता येत नाही. नवे खाणे त्या नियमाच्या कक्षेतच आले नाही.

दुधाच्या दातांकडे पाहण्याची दृष्टी मात्र सर्वत्र उदासीन होती. पडलेला दात कौलावर फेकावा किंवा मातीत पुरावा, नवा येईलच, हा विश्वास दृढ असल्याने किडलेल्या दुधाच्या दाताची फारशी दखल घेतली जात नसे. येथे काश्यपसंहितेचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. बालचिकित्सेवरील या ग्रंथात दंतजन्मिक नावाचा स्वतंत्र अध्याय असून त्यात काही दात दोनदा जन्मतात, तर आठ दात एकदाच जन्मतात असा भेद केला आहे. आधुनिक शरीरशास्त्रानुसार दुधाचे दात वीस आणि एकदाच येणाऱ्या दाढा बारा. म्हणजे संख्येत फरक पडतो. परंतु सर्वच दात पडून पुन्हा येत नाहीत, ही जाणीव तेथे आहे. ती लोकव्यवहारात उतरलेली दिसत नाही.

मशेरी : सवयीचा दुसरा चेहरा

दंतधावनाच्या घरगुती परंपरेचे गुणगान करणारे लेखन मराठीत विपुल आहे. पण त्यात मशेरीचा उल्लेख बहुधा टाळला जातो. हा टाळाटाळीचा प्रकार योग्य नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, तिची पूड करावयाची आणि ती बोटाने दातांना व हिरड्यांना लावावयाची, ही महाराष्ट्रातील, विशेषतः स्त्रियांमधील, दीर्घकाळ चालत आलेली सवय होय. तिचे बाह्य रूप दात घासण्याचेच असल्याने तिला व्यसन म्हटले जात नसे. विडी ओढणारी स्त्री निंद्य ठरे. मशेरी लावणारी स्त्री केवळ ‘दात घासत’ असे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मौखिक तपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. मुखकर्करोग आणि कर्करोगपूर्व अवस्था यांचा तंबाखूच्या विविध सवयींशी असलेला संबंध तपासणारे हे जगातील मोठ्या सर्वेक्षणांपैकी एक होते आणि मशेरी हा त्यातील एक महत्त्वाचा घटक होता. पुढे १९९० च्या दशकात मुंबई शहरात पस्तीस वर्षांवरील सुमारे एक लाख व्यक्तींची जी पाहणी झाली, तीत निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखूचे सेवन करणाऱ्या आढळल्या. हे सेवन जवळजवळ संपूर्णपणे धूरविरहित स्वरूपाचे होते आणि त्यात मशेरीचा वाटा मोठा होता. म्हणजे ही सवय केवळ खेड्यांची नव्हती; गिरणगावातील चाळींतही ती नांदत होती.

बालकाच्या दृष्टीने या सवयीचे दोन परिणाम संभवतात. पहिला जन्मापूर्वीच घडतो. मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. त्या मातांमध्ये मशेरीचे प्रमाण सर्वाधिक होते. दुसरा परिणाम अनुकरणाचा. मूल दात घासावयास शिकते ते उपदेशाने नव्हे, तर शेजारी बसलेल्या आईकडे पाहून. आईच्या तळहातावर मशेरी असेल तर मुलीच्या तळहातावर आज राखुंडी असली तरी उद्या मशेरी येण्यास फार काळ लागत नाही. दाढ दुखू लागली की थोडी मशेरी दाबून धरण्याचा घरगुती उपाय अनेकदा या सवयीचा आरंभ ठरे. निकोटीनच्या तात्पुरत्या बधिरतेने वेदना शमल्यासारखी वाटे आणि मशेरी हे दातांचे औषध होय, हा समज पक्का होई.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला तो १९९२ साली. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. मुलांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा होता, कारण तंबाखूयुक्त मंजन हे ‘मंजन’ म्हणूनच घरात येते आणि घरातील कोणीही ते वापरते. मात्र कारखान्यात तयार होणाऱ्या डबीवर चालणारा कायदा चुलीवरच्या तव्यावर चालत नाही. घरी भाजलेली मशेरी या बंदीच्या बाहेरच राहिली.

शाळेतील तपासणी आणि फ्लोराइडची साक्ष

प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराबरोबर मुलाचे तोंड शाळेच्या अखत्यारीत आले. १९३७ सालच्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योग शिक्षणात वैयक्तिक स्वच्छतेला अभ्यासाचाच भाग मानले गेले. पुढील काळात मराठी शाळांत परिपाठाच्या वेळी नखे, केस आणि दात यांची तपासणी हा नित्याचा कार्यक्रम बनला. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाल्यानंतर आरोग्याच्या सवयींचे पाठ राज्यभर एकाच स्वरूपात पोहोचू लागले. मुलांना ओळीत उभे करून ‘दात दाखवा’ म्हणणारे गुरुजी हे दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाचे आहेत.

या तपासणीने पुष्कळ चांगले साधले, यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. पिवळे वा डागाळलेले दात म्हणजे आळशी मूल, असे ते गृहीतक होते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी दात घडत असण्याच्या वयात, म्हणजे साधारणतः पहिल्या आठ वर्षांत, पोटात गेले तर दातांच्या आवरणावर आधी खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग उमटतात. हे डाग दाताच्या घडणीतलेच असल्याने कितीही घासले तरी जात नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर पाण्याची सोय म्हणून खोल विंधनविहिरींवरचा भर वाढला. कठीण खडकातील अशा खोल पाण्यात फ्लोराइड अधिक असण्याचा संभव असतो. परिणामी ज्या गावांत हातपंपाने मुलांना जंतुविरहित पाणी दिले, त्यांतील काही गावांत त्याच पाण्याने त्यांचे दात कायमचे डागाळले. अशा गावातील मुलाला परिपाठात पुढे बोलावून ‘नीट घासत जा’ असे सांगणे म्हणजे पाण्याचा दोष मुलाच्या माथी मारणे होते. फ्लोराइडचा विरोधाभास असा की, अत्यल्प प्रमाणात दातावर बाहेरून लागले असता तेच द्रव्य किडीपासून संरक्षण करते. म्हणूनच ते टूथपेस्टमध्ये घालतात.

बाजार : मंजनाची डबी आणि गोळ्यांची बरणी

राखुंडीला पहिले आव्हान दिले ते देशी मंजनांनी. मुंबईच्या नोगी कंपनीची माकडछाप काळी टूथ पावडर ही एका अर्थी डबीत भरलेली राखुंडीच होती. रंग ओळखीचा असल्याने ती घरात सहज स्वीकारली गेली. १९५२ साली केशव पेंढरकर यांनी मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीच्या वज्रदंतीने आयुर्वेदाचा वारसा सांगितला. अशी मंजने औषध की प्रसाधन, हा वाद करआकारणीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाला न्यायालयाने प्रसाधन म्हटले, तर वज्रदंतीला औषध. गौतमधर्मसूत्राचा कर्ता आणि चरक यांच्यातला जुना मतभेद अबकारी खात्यामुळे पुन्हा उभा राहिला, असे गमतीने म्हणता येईल.

कोलगेट कंपनी भारतात १९३७ साली आली. पण मुलांना थेट ग्राहक म्हणून ओळखण्याचा मान बिनाका टूथपेस्टला द्यावा लागेल. पेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे इवलेसे प्राणी मिळत आणि ते जमवण्यासाठी मुले घरात त्याच पेस्टचा हट्ट धरीत. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने हे नाव घरोघरी नेले. आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना हद्दपार करू पाहणारे मंत्री बा. वि. केसकर हे मराठीच. त्यांच्या सोवळेपणाचा अप्रत्यक्ष लाभ एका टूथपेस्टला झाला. येथे सवयीचा पाया बदलला. दात घासणे हे कर्तव्य न राहता हवेसे वाटू लागले. मुलांना सवय लावण्याच्या कलेत ही बाजाराने दाखवून दिलेली वाट होती, हे मान्य केले पाहिजे. १९७६ पासून कोलगेटने शाळांतून दंतस्वच्छतेचे शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा गुरुजी आणि जाहिरात यांतील सीमारेषाही पुसट झाली.

तथापि त्याच बाजाराचा दुसरा हात साखर वाटत होता. १९२९ साली विलेपार्ले येथे सुरू झालेला पार्लेचा कारखाना प्रथम गोळ्यांचा होता. १९३९ पासून तेथे बिस्किटे बनू लागली. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगाव येथे साखर कारखाना काढला आणि १९४० च्या दशकात त्यातूनच रावळगावच्या गोळ्या आल्या. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्र हे साखरेचे राज्य बनले. सणावारी मिळणारे गोड रोजचे झाले. ग्रामीण अर्थकारणाला या साखरेने जे दिले त्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे; तिने मुलांच्या दातांचे काय केले, याचा हिशेब त्या इतिहासात आढळत नाही.

राज्यसंस्थेचा उशीर

१९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले. तरीही भोर समितीच्या १९४६ सालच्या अहवालानुसार देशात सुमारे तीन लाख लोकांमागे एक दंतवैद्य होता. १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा झाला. पण त्याने नियमन केले ते व्यवसायाचे. मुलांच्या तोंडापर्यंत तो पोहोचला नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांत दंतक्षय आढळला. पाचव्या वर्षीच निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले असणे याचा अर्थ शाळेतील पाठ सुरू होण्यापूर्वीच हानी झालेली असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दंतविकारांचाही समावेश झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, अशी त्याची रचना आहे. २०२३ साली राज्य शासनाने ‘स्वच्छ मुख अभियान’ हाती घेऊन सचिन तेंडुलकर यांना त्याचे सदिच्छादूत नेमले. दिवसातून दोन वेळा दात घासणे आणि खाल्ल्यानंतर चूळ भरणे या दोन्ही जुन्या गोष्टींना आता शासकीय आरोग्यशिक्षणात स्थान मिळाले आहे.

या कार्यक्रमांची खरी कसोटी सहाव्या वर्षी लागते. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. कोणताही दात पडलेला नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी नवी येण्याची वाट पाहतात. काश्यपसंहितेच्या परिभाषेत ती एकदाच जन्मणारी आहे. तिच्या पृष्ठभागावरच्या खोल खाचांत ब्रश नीट पोहोचत नाही, आणि ती तोंडात इतकी मागे असते की सहा वर्षांच्या मुलाचा हात तेथवर जात नाही. नेमक्या याच वर्षी मूल पहिलीत जाते, आणि आता ते मोठे झाले म्हणून आई त्याच्या हाती ब्रश देऊन स्वयंपाकघराकडे वळते.